छोटा स्क्रू जॅक बसवायचा कसा : माप घेण्यापासून लोड देण्यापर्यंत

साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे. छोटे गाळे जिथे आहेत तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते : जॅक नवा होता, वजनही फार नव्हतं, तरी वर्षाच्या आत नट घासून गेला. उघडून पाहिलं तर जॅकचा दोष क्वचितच निघतो. टेबलाला गाइड नसतो, बोल्ट चुकीच्या क्रमाने आवळलेले असतात, नाहीतर मोटर गरजेच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि कामही त्याच क्रमाने करा.

इथे बोलतोय ते वर्म गिअरवर (स्क्रूसारखा वर्म शाफ्ट आणि त्याने फिरणारं दातेरी वर्म व्हील) चालणाऱ्या छोट्या मशीन स्क्रू जॅकबद्दल. साधारण १२ ते २० मि.मी. जाडीचा स्क्रू आणि दोन-अडीचशे किलोपर्यंतचं वजन. लेबल लावायचं हेड, कन्व्हेयरचं टेबल, ग्लू रोलर, कॅमेऱ्याचा किंवा सेन्सरचा स्टँड अशी याची कामं. माणूस उचलायला किंवा माणूस खाली बसून काम करेल अशा ठिकाणी आधार म्हणून हा जॅक वापरू नका.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ : पॅकिंग लाइनवरचं कन्व्हेयर टेबल, सगळं मिळून ८० किलो, वर-खाली चाल १५० मि.मी.

पायरी १ : जॅकने काय करायचं नाही ते आधी ठरवा

स्क्रू जॅकला एकच काम येतं. स्क्रूच्या रेषेत ढकलणं किंवा ओढणं. टेबल सरळ रेषेत चालवणं हे त्याचं काम नाही, ते गाइड रॉडचं किंवा लिनिअर रेलचं. टोकाला थांबवणं हेही त्याचं काम नाही, ते लिमिट स्विचचं. आणि साध्या प्रकारात स्क्रूला फिरण्यापासून अडवणं हेही तो स्वतः करत नाही.

हा शेवटचा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. साध्या जॅकमध्ये वर्म व्हीलच्या पोटात आटे असतात, म्हणजे व्हील हाच नट. व्हील फिरलं की स्क्रू वर यायला हवा, पण स्क्रूला कोणी धरलंच नाही तर तो व्हीलबरोबर जागच्या जागी गरगर फिरतो. मोटर चालू, आवाज नेहमीसारखा आणि टेबल तिथेच. स्क्रूचं टोक टेबलाला घट्ट जोडलेलं असेल आणि टेबल गाइडमध्ये असेल तर हा प्रश्न येत नाही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात :

पहिला, वर सांगितलेला साधा प्रकार : स्क्रू वर-खाली सरकतो, त्याला फिरू न देणं तुमच्याकडे.

दुसरा, कीवाला : स्क्रूला लांब खाच असते आणि आत बसवलेली ‘की’ (खाचेत बसणारी पट्टी) त्याला फिरू देत नाही. टोक कशालाही जोडलेलं नसेल, नुसतं खालून टेकवायचं असेल, तिथे हा घ्या. खाचेमुळे आट्यांचा थोडा भाग जातो आणि कीवर सतत ओढ राहते, म्हणून गरज नसताना घेऊ नका.

तिसरा, फिरत्या स्क्रूचा : गिअरबॉक्स जागेवर, स्क्रू फिरतो आणि त्यावरचा नट टेबलाला घेऊन वर-खाली जातो.

निवड करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा : टेबल खाली आलं की स्क्रू कुठे जाणार? पहिल्या दोन प्रकारांत तो गिअरबॉक्सच्या खालून बाहेर येतो. १५० मि.मी. चाल म्हणजे बेसखाली किमान तेवढी जागा आणि शिवाय संरक्षक पाइपची जागा. तळमजल्यावर फरशी फोडून खड्डा करता येईल, पण वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात स्लॅबला भोक पाडायचा विचारही करू नका. तिथे जॅक स्टँडवर उचलून घ्या किंवा फिरत्या स्क्रूचा घ्या. फिरत्या स्क्रूत खाली जागा लागत नाही, मात्र स्क्रू कायम पूर्ण उंचीने उभा राहतो. तो टेबलाच्या आरपार जाऊन मालाच्या वाटेत तर येत नाही ना, ते आधी बघा.

पायरी २ : मापं कागदावर घ्या

वजन अंदाजे घेऊ नका. टेबल, त्यावरचा माल, मोटर, ब्रॅकेट, लटकणाऱ्या केबल सगळं धरा. गाइडमधलं घर्षण वेगळं. आपल्या उदाहरणात ८० किलो म्हणजे जवळजवळ ८०० न्यूटन.

मग वजनाचा मध्य कुठे आहे ते शोधा. कन्व्हेयरची मोटर एका बाजूला लटकत असेल तर वजन जॅकच्या डोक्यावर नसतं, बाजूला असतं, आणि ती ओढ गाइडला घ्यावी लागते. साध्या बुशांसाठी (टेबलाच्या, गाइड रॉडवर सरकणाऱ्या नळ्या) इथे एक कामाचा नियम आहे : एकाच रॉडवरच्या दोन बुशांमधलं अंतर जितकं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त लांब वजनाची किंवा ढकलण्याची रेषा रॉडपासून जाऊ देऊ नका. बुशांत ६० मि.मी. अंतर असेल तर मर्यादा १२० मि.मी. त्यापुढे टेबल रॉडवर अडकायला लागतं. मोठी मोटर लावून ते सुटत नाही, उलट आणखी घट्ट धरतं. अशा वेळी बुश एकमेकांपासून लांब न्या.

चाल ठरवताना लागणाऱ्या १५० मि.मी.ला दोन्ही टोकांना सुरक्षित जागा जोडा. प्रत्येक बाजूला २० मि.मी. धरली तर जॅक १९० मि.मी. चालीचा लागेल. स्क्रूवर रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं घड्यांचं आवरण) चढवायचा असेल तर बूट पूर्ण दबल्यावरही काही उंची घेतो, तीही मोजा. बूट नंतर घेऊ असं म्हणून सोडून दिलं तर पुढे तो बसायला जागाच उरत नाही. मुंबईच्या हवेत बूट लागतोच.

तपासा : कागदावर टेबल सर्वांत खाली आणि सर्वांत वर असताना अशी दोन चित्रं काढली का? दोन्हींत स्क्रूची दोन्ही टोकं, बूट, मोटर आणि हाताने पोहोचायची जागा दिसली पाहिजे. ग्रीस निप्पलपाशी ग्रीस गन जाते का, हेसुद्धा.

पायरी ३ : आकडेमोड, आणि मोटर लहान का हवी

समजा जॅक २५० किलो क्षमतेचा आहे, स्क्रू १६×४ ट्रॅपेझॉइडल (१६ मि.मी. जाडी, ४ मि.मी. पिच म्हणजे शेजारच्या आट्यांमधलं अंतर, एकेरी आटा) आणि वर्मचं गुणोत्तर १०:१. म्हणजे वर्म शाफ्टचे १० फेरे झाले की टेबल ४ मि.मी. चढणार, एका फेऱ्याला ०.४ मि.मी.

हाताने चालवणार असाल तर इथेच थांबून विचार करा. १५० मि.मी. चढायला ३७५ फेरे लागतील. दिवसातून दोनदा साइज बदलणारा ऑपरेटर हे करणार नाही. तो ड्रिल मशीन शाफ्टला लावेल आणि टोकाला आदळवेल. हाताने चालवायचा जॅक ५:१ चा घ्या, फेरे निम्मे होतात. नाहीतर सरळ मोटर लावा.

मोटरसाठी टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) असा काढा : लोड गुणिले लीड (स्क्रूच्या एका फेऱ्याची चाल, इथे ४ मि.मी.), भागिले (२ × ३.१४ × गुणोत्तर × कार्यक्षमता). कॅटलॉगमध्ये कार्यक्षमता दिली असेल तर तीच घ्या, नसेल तर छोट्या जॅकला २५ टक्के धरून चालता येतं.

८०० × ४ ÷ (६.२८ × १० × ०.२५) = सुमारे २०० न्यूटन मि.मी., म्हणजे ०.२ न्यूटन मीटर. जागेवरून सुटताना जास्त लागतो, म्हणून दुप्पट, ०.४ धरा. १४४० आरपीएमच्या मोटरला हे सुमारे ६० वॉट होतात. ९० वॉटची मोटर पुरे.

आता गाळ्यात पडलेली पाव हॉर्सपॉवरची मोटर लावली तर? तिचा नुसता चालू टॉर्क १.२ न्यूटन मीटरच्या वर असतो. तोच हिशेब उलटा केला की कळतं, ती मोटर या जॅकमधून जवळजवळ ५०० किलोचा जोर काढू शकते. जॅक २५० किलोचा. रोज काही होणार नाही. ज्या दिवशी टेबल कुठे अडेल, त्या दिवशी पितळी व्हीलचे दाते जातील आणि मोटरला कळणारही नाही. मोटर मोठी घेतली म्हणजे सेफ, हा समज इथे महागात पडतो. मोठीच वापरायची असेल तर ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरवर न लावता कामाला लागणाऱ्या अँपिअरच्या जरा वर लावा, किंवा मध्ये घसरणारा टॉर्क लिमिटर टाका.

स्क्रू वाकण्याचा हिशेबही करा. वरून दाब असेल तर बारीक लांब स्क्रू मधोमध वाकतो. १६×४ च्या स्क्रूचा गाभा ११.५ मि.मी.चा. वरचं टोक मोकळं धरून आणि तिप्पट सुरक्षितता ठेवून ३०० मि.मी. लांबीला तो सुमारे १६० किलो पेलतो. ६०० मि.मी.ला फक्त ४० किलो. लांबी दुप्पट, ताकद चौथाई. आपली १९० ची चाल सुरक्षित आहे, पण "तोच जॅक जरा लांब स्क्रूचा द्या" असं दुकानात सांगायच्या आधी हा आकडा आठवा. लांब चाल हवीच असेल तर जॅक उलटा वर टांगून टेबल ओढायला लावा. ताणात स्क्रू वाकत नाही.

सावधान : लोड स्वतःहून खाली येणार नाही ही खात्री कायमची नसते. १६×४ आट्याचा चढ जेमतेम ५ अंशांचा आहे, म्हणून घर्षण त्याला धरून ठेवतं. पण नट घासून गुळगुळीत झाला, ग्रीस भरपूर असलं आणि शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस धडधडत असला की टेबल हळूहळू उतरू शकतं. ५:१ गुणोत्तर किंवा दुहेरी आटा असेल तर ब्रेकवाली मोटर घ्याच. हाताच्या जॅकला शाफ्ट लॉक लावा.

चालू-बंदचं प्रमाणही पाहा. हे जॅक सलग चालवायचे नसतात. कॅटलॉगमध्ये १० मिनिटांत २० टक्के असं लिहिलं असेल तर २ मिनिटं चालवून ८ मिनिटं विश्रांती, असा त्याचा अर्थ.

पायरी ४ : खरेदी आणि माल हातात आल्यावर

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर (हार्डवेअरचा बाजार) नुसता "छोटा स्क्रू जॅक" मागितलात तर गाडीचा जॅक किंवा बॉटल जॅक पुढे येण्याची शक्यता जास्त. "वर्म गिअर स्क्रू जॅक" म्हणा आणि पायरी २ चा कागद दाखवा. क्षमता, चाल, गुणोत्तर, स्क्रूचं माप, प्रकार, वरचं टोक (प्लेट, आटे की आरपार भोक), शाफ्ट एका बाजूला की दोन्ही, बूट हे सगळं लिहून द्या.

माल आला की लगेच बसवू नका. शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. पूर्ण फेऱ्यात कुठे जड, कुठे हलका लागत असेल तर परत द्या. स्क्रू हाताने धरून पूर्ण चाल एकदा वर-खाली करा. टोकाला अडवणारी पिन किंवा स्टॉप नट आहे का पाहा, कारण बऱ्याच छोट्या जॅकमध्ये तो नसतो आणि स्क्रू गिअरबॉक्समधून सरळ बाहेर येऊ शकतो. नसेल तर खालच्या टोकाला बसवून घ्या.

पायरी ५ : आधी गाइड, मग जॅक

बहुतेक जण आधी जॅक बोल्टने बसवतात, त्यावर टेबल ठेवतात आणि शेवटी गाइड रॉड "जमवून" घेतात. मग रॉड जॅकच्या रेषेत ओढले जातात, जॅक रॉडच्या रेषेत, आणि भांडणाची किंमत नट देतो.

बेस प्लेट लेव्हलमध्ये घ्या. गाळ्याची फरशी सपाट आहे असं धरून चालू नका. प्लेट चारही कोपऱ्यांत टेकते का ते फीलर गेजने (फट मोजायची पातळ पाती) पाहा आणि फट असेल तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. नुसते बोल्ट आवळून फट दाबली तर प्लेट वाकते आणि तिच्यावरचं सगळं तिरकं होतं.

मग गाइड रॉड उभे करा. गुण्या लावून दोन्ही दिशांनी काटकोन पाहा आणि दोन रॉडमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर असं तीनदा मोजा. टेबल फक्त रॉडवर चढवा, जॅक अजून नाही. दोघांनी दोन बाजूंनी उचलून पूर्ण चाल फिरवा.

तपासा : टेबल कुठेही न अडकता, दचक्याशिवाय वर-खाली झालं पाहिजे. एका बाजूने हलकेच दाबल्यावर अडकत असेल तर बुशांमधलं अंतर कमी आहे किंवा रॉड समांतर नाहीत. हे सुटेपर्यंत पुढे जाऊ नका. हलक्या लोडला ही पायरी जास्तच महत्त्वाची. ८० किलोचं टेबल थोडं अडकलं तरी स्वतःच्या वजनाने सुटतं. १० किलोचं, स्क्रूवर नुसतं टेकवलेलं कॅमेऱ्याचं ब्रॅकेट बुशात अडकून लटकतं, खाली स्क्रू सरकत राहतो आणि मग ते अचानक आदळतं.

सावधान : या टप्प्यापासून टेबलाखाली हात घालायचा तर आधी लाकडी किंवा लोखंडी ठोकळा. जॅक लागल्यानंतरही.

पायरी ६ : जॅक जोडणे आणि बोल्ट आवळण्याचा क्रम

ही सगळ्यात जास्त चुकणारी पायरी, म्हणून सावकाश करा.

१. जॅक बेसवर ठेवा, बोल्ट फक्त बोटांनी लावा. स्क्रू टेबलाला अजून जोडू नका.

२. टेबल खाली ठोकळ्यांवर ठेवा आणि स्क्रूची वरची प्लेट टेबलाच्या दोन-तीन मि.मी. खाली आणा. प्लेटची आणि टेबलाची भोकं समोरासमोर येतील असा जॅक सरकवा.

३. बेसचे बोल्ट हलके धरतील इतपत आवळा. आता टेबल आधी मध्यावर आणि मग वरच्या टोकाला ठोकळ्यांवर घ्या, प्रत्येक ठिकाणी स्क्रू तिथवर आणा (स्क्रू हाताने धरून ठेवावा लागेल) आणि भोकं पुन्हा बघा.

इथे जे दिसतं त्यावर जॅकचं आयुष्य ठरतं. भोकं तिन्ही ठिकाणी जुळली तर स्क्रू आणि गाइड समांतर आहेत. खाली जुळली आणि वर जाताना प्लेटची भोकं एका बाजूला सरकत गेली तर जॅक तिरका आहे. सरकण्याच्या बाजूला जॅकच्या पायाखाली पातळ शिम घाला आणि पुन्हा तिन्ही ठिकाणी पाहा. १५० मि.मी. चालीत फरक ०.१ मि.मी.च्या आसपास आला की पुरे. टेबलाची भोकं कानशीने मोठी करून बोल्ट बसवणं हा उपाय नाही. बोल्ट बसतो, तिरकेपणा तसाच राहतो.

४. टेबल पुन्हा सर्वांत खाली आणा. वरचे बोल्ट लावा, अर्धवट आवळा.

५. हाताने शाफ्ट फिरवून पूर्ण वर, पूर्ण खाली. दोनदा.

६. टेबल खालच्या टोकालाच ठेवून बेसचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, आळीपाळीने पूर्ण आवळा. खालीच का? खाली स्क्रूचा मोकळा भाग सर्वांत लहान असतो, त्यामुळे तो वाकून चूक लपवू शकत नाही. वर असताना लांब स्क्रू किंचित वाकून जुळवून घेतो आणि सगळं ठीक वाटतं. मग टेबल खाली आलं की नटावर बाजूचा दाब.

७. पुन्हा एकदा हाताने पूर्ण चाल. मगच वरचे बोल्ट पूर्ण आवळा.

तपासा : शाफ्ट फिरवताना हाताला लागणारा जोर खाली, मध्ये, वर सारखा हवा. खालच्या टोकाजवळ जड होत असेल तर बेसचे बोल्ट सोडून ३ पासून पुन्हा करा.

डोवेल पिन (जॅकची जागा पक्की करणारी पिन) आत्ता मारू नका. लोडखालची चाचणी पास झाल्यावर मारा.

सावधान : जॅक बसवल्यावर फ्रेमवर वेल्डिंग करायचं असेल तर अर्थिंगचा क्लँप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. तो दूर लावला तर करंट जॅकच्या बेअरिंगमधून आणि आट्यांतून वाट काढतो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. स्क्रूला ओलं फडकं गुंडाळा. ठिणगीचा एक दाणा आट्यात चिकटला तरी तो प्रत्येक फेरीला नट खरवडत राहतो.

पायरी ७ : मोटर, कपलिंग आणि लिमिट स्विच

कपलिंग (मोटरचा आणि जॅकचा शाफ्ट जोडणारा भाग) हातोड्याने ठोकून चढवू नका. त्या ठोक्याचा मार सरळ वर्म शाफ्टच्या छोट्या बेअरिंगवर बसतो. भोक घट्ट असेल तर पॉलिश पेपर मारा किंवा कपलिंग गरम करून सरकवा. मोटर आणि जॅक यांचे शाफ्ट एका रेषेत घ्या. रबरी स्पायडरचं कपलिंग थोडं सांभाळून घेतं म्हणून रेष मुद्दाम सैल सोडू नका.

टेबलाचा वेग १४४० × ०.४ म्हणजे मिनिटाला ५७६ मि.मी., सेकंदाला जवळजवळ १० मि.मी. स्विच पडल्यावर मोटर थांबायला अर्धा सेकंद लागला तर टेबल ५ मि.मी. पुढे जाणार. म्हणून लिमिट स्विच यांत्रिक टोकाच्या आधी किमान १० ते १५ मि.मी. ठेवा. यांत्रिक स्टॉप हा अपघात रोखायला आहे, रोज टेकायला नाही.

स्विचचा बंद राहणारा संपर्क (एनसी) वापरा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल.

आता फेजची गोष्ट. तीन फेजच्या मोटरचे दोन फेज बदलले की ती उलटी फिरते. मीटर बदलला, गाळ्याची केबल नव्याने जोडली, पॅनलचं काम झालं, की हे होऊ शकतं. अशा वेळी "वर" दाबल्यावर टेबल खाली जातं, एवढ्यावर भागत नाही. वरचा लिमिट स्विच "वर"चा कॉन्टॅक्टर (मोटरला त्या दिशेचा सप्लाय देणारा स्विच) तोडतो, खालचा "खाली"चा. आता "वर"चा कॉन्टॅक्टर टेबल खाली नेतोय. खाली पोहोचल्यावर खालचा स्विच दबतो, पण तो तोडतो दुसराच कॉन्टॅक्टर. मोटर चालूच राहते आणि टेबल टोकाला आदळतं. दोन्ही स्विच चांगले असूनही.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पॅनलमध्ये फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम उलटला तर मोटर चालू न देणारा) बसवा. आणि नेहमीच्या स्विचच्या पुढे, दोन्ही टोकांना एकेक अंतिम स्विच असा लावा की तो कोणत्याही दिशेचा विचार न करता पूर्ण सप्लाय तोडेल. मुंबईच्या लोहार चाळीत (विजेच्या सामानाचा बाजार) हे सामान सहज मिळतं आणि नव्या जॅकपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

तपासा : टेबल मध्यावर ठेवून "वर" बटण क्षणभर दाबा. दिशा बरोबर? मग टेबल चालू असताना वरचा स्विच हाताने नाही, लाकडी पट्टीने दाबा. थांबलं? खालचा आणि दोन्ही अंतिम स्विचही असेच. विजेचं काम झालं की प्रत्येक वेळी ही तपासणी पुन्हा.

पायरी ८ : ग्रीस आणि बूट

गिअरबॉक्स बहुधा ग्रीस भरून येतो, स्क्रूला मात्र फक्त गंजरोधक तेलाचा पातळ थर असतो. तो पुसून उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस पूर्ण लांबीला, आट्यांच्या बाजूंना लागेल असं हाताने चोळा. गाळ्यात आहे ते कुठलंही ग्रीस वर लावू नका. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन गळतात.

बूट चढवताना खालची क्लिप शेवटी आवळा. आधी पूर्ण चाल फिरवून घड्या स्क्रूला घासत नाहीत ना बघा. खालच्या संरक्षक पाइपला तळाशी छोटं भोक हवं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आत पाणी साचतं, आणि स्क्रूचं खालचं टोक, जे कोणाला दिसत नाही, ते आधी गंजतं.

पायरी ९ : लोड देणे

रिकामं टेबल, मग पाव लोड, अर्धा, पूर्ण. प्रत्येक टप्प्याला पूर्ण चाल वर-खाली आणि टाँग टेस्टरने (वायरभोवती धरायचं मीटर) अँपिअर बघा. वर जाताना आणि खाली येताना वेगळे आकडे येतील, ते बरोबर आहे. पण एकाच दिशेच्या चालीत आकडा मध्येच चढला तर त्या उंचीवर गाइड अडतो आहे. टोकाकडे चढत गेला तर जॅक तिरका आहे, पायरी ६ कडे परत जा. एकफेजी छोट्या मोटरचे अँपिअर लोडबरोबर फारसे बदलत नाहीत, तिथे कपलिंग सोडून शाफ्ट हाताने फिरवून जोर पाहणं जास्त भरवशाचं.

पूर्ण लोडवर, ठरलेल्या चालू-बंदच्या प्रमाणात अर्धा तास चालवा. गिअरबॉक्स कोमट होईल. हात ठेववत नाही इतका तापला तर काम थांबवा : एकतर लोड जास्त आहे, नाहीतर विश्रांती कमी. पूर्ण लोडखाली मधल्या उंचीवर टेबल थांबवा, डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावा आणि शेजारची मशीनं चालू असताना तासभर सोडा. काटा उतरत असेल तर ब्रेक लागणारच.

हे सगळं पार पडलं की डोवेल पिन मारा आणि अँपिअरचे आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पायरी १० : उंची अचूक लावणे

एका फेऱ्याला ०.४ मि.मी., म्हणून चाकावर ४० रेघा मारल्या की एक रेघ ०.०१ मि.मी., असा हिशेब करून लोक फसतात. हिशेब बरोबर आहे, टेबल मात्र तेवढं ऐकत नाही. वर्म आणि व्हीलमध्ये प्ले (सैलपणा) असतो, स्क्रू आणि नटातही असतो. दिशा बदलली की चाक काही रेघा नुसतंच फिरतं.

म्हणून ठरलेल्या उंचीला नेहमी खालून वर येत पोहोचा. खाली उतरायचं असेल तर आधी दोन-तीन मि.मी. जास्त खाली जा आणि मग वर येऊन थांबा. उंची चाकावर वाचण्यापेक्षा टेबलालाच स्केल किंवा डिजिटल रीडआउट लावा.

चार जॅक एकत्र असतील तर

मोठ्या टेबलाला चार कोपऱ्यांत चार जॅक आणि मध्ये बेव्हल गिअरबॉक्स (फिरणं काटकोनात वळवणारा) अशी रचना करतात. तीन जॅकवर काम भागत असेल तर तीनच घ्या, तीन पाय नेहमी टेकतात. चारमध्ये एखादा अधांतरी राहतो आणि समोरासमोरचे दोन सगळं वजन उचलतात. म्हणून चार असतील तर निवड अशी करा की दोन जॅक मिळून पूर्ण लोड पेलतील.

सगळी कपलिंग जोडण्याआधी प्रत्येक जॅकची दिशा तपासा. एक गिअरबॉक्स उलट्या बाजूने बसला की तो कोपरा खाली जातो आणि बाकीचे तीन वर. चित्रावर बाण काढा, मग एकेका शाफ्टला हाताने फिरवून बाणांशी जुळवा. नंतर चारही डोकी हाइट गेजने एका उंचीवर आणा, आणि त्यानंतरच कपलिंगचे स्क्रू आवळा. प्रत्येक जॅकला वेगळी साधी मोटर लावून ते एकत्र चालतील अशी अपेक्षा धरू नका.

देखभाल

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा पाहा. त्यानंतर महिन्यातून एकदा बूट सरकवून स्क्रूवरचं थोडं ग्रीस बोटावर घ्या आणि ट्यूबलाइटखाली दोन बोटांत चोळा. नुसतं काळसर असेल तर ठीक. पिवळे, चमकणारे बारीक कण दिसले तर व्हील किंवा नट झिजतोय. पहिल्या काही दिवसांत थोडी चमक चालते, नंतर नाही. तसं दिसलं तर नुसतं नवं ग्रीस भरू नका, आधी अलाइनमेंट पाहा.

मे महिन्याच्या शेवटी जुनं ग्रीस पुसून नवं लावा, बुटाला चीर नाही ना बघा आणि पाइपचं भोक मोकळं करा. मशीन पावसाळ्यात बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण चाल फिरवा.

नटाची झीज वर्षातून एकदा मोजा. टेबलावर डायल गेज लावा, खालून पहारीने हलकेच उचला आणि काटा किती सरकतो ते पाहा. पहिल्या दिवशी हेच माप घेऊन ठेवलेलं असेल तर वाढ कळते. वाढ पिचच्या चौथाईला, म्हणजे १६×४ स्क्रूला १ मि.मी.ला पोहोचली की जॅक कामावरून काढा. एकेरी आट्यात तेव्हा नटाच्या दातांची जाडी निम्म्यावर आलेली असते. झीज ०.७ च्या पुढे गेली की नव्या व्हीलची ऑर्डर देऊन ठेवा, कारण छोट्या जॅकचे सुटे भाग दुकानात तयार मिळतीलच असं नाही.